बायबलमधले प्राणी वाचायचे कसे? नव्याने शास्त्र उघडणाऱ्यांसाठी

पवित्र शास्त्र नेमाने वाचायला लागलो तेव्हा मी एक वही केली होती. डाव्या रकान्यात प्राण्याचे नाव, उजव्या रकान्यात त्याचा अर्थ. कोकरा म्हणजे ख्रिस्त. साप म्हणजे सैतान. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. पहिली दोन पाने भराभर भरली आणि मग सिंहापाशी गाडी अडली. प्रकटीकरण ५:५ मध्ये यहूदा वंशाचा सिंह म्हणजे प्रभू येशू. १ पेत्र ५:८ मध्ये मात्र गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावे हे शोधत फिरणारा तो सैतान. मग उजव्या रकान्यात लिहायचे काय?

पुढे सापाचेही तेच झाले. एदेन बागेत फसवतो तो साप, आणि मत्तय १०:१६ मध्ये प्रभू शिष्यांना सापासारखे चतुर व्हायला सांगतो. कबुतराचेही तेच. यार्देनेवर पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो, पण होशेय ७:११ मध्ये एफ्राईमाला, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याला, भोळसट, अक्कल नसलेले कबुतर म्हटले आहे, कारण तो कधी मिसराला हाका मारतो, कधी अश्शूराकडे धावतो.

वही मी टाकली नाही, रकाने बदलले. तेव्हापासून जे हाती लागत गेले ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. कुणाचे एखादे वर्ष वाचले तरी मला समाधान आहे.

आधी जवळ काय काय हवे

दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे. एक रोजच्या वाचनाचे, दुसरे पडताळून पाहायला. प्राण्यांच्या नावांत भाषांतरकारांचे एकमत नसते. नीतिसूत्रे ३०:२८ मधला राजवाड्यात शिरणारा जीव काही भाषांतरांत पाल आहे, काहींत कोळी. असा फरक दिसला की समजायचे, मूळ हिब्रू शब्द अवघड आहे, तिथे घाईने धडा काढायचा नाही.

दोन्हींपैकी एका प्रतीत समासात किंवा तळाशी संदर्भवचने, म्हणजे त्याच विषयावरच्या दुसऱ्या वचनांचे पत्ते, असावीत. याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

शब्दसूची. छापील मिळाली तर उत्तम, नाहीतर मोबाइलवरच्या बायबल अॅपमध्ये शब्द शोधता येतो. "मेंढरू" शोधलेत तर "मेंढरे", "मेंढरांचा", "कळप" हेही शोधा, नाहीतर अर्धी वचने हातातून निसटतील.

एक वही, पेन्सिल आणि रोजची वीस मिनिटे. वहीत तीन रकाने: प्राणी या ओवीत काय करतो आहे, हे कोण कोणाला सांगतो आहे, आणि मला काय करायचे आहे. तिसरा रकाना बरेच दिवस कोरा राहिला तरी चालेल. पहिला कोरा ठेवून तिसरा भरायचा नाही, एवढेच पाळा.

१. अर्थ नंतर, आधी क्रियापद

प्राण्याचे नाव दिसले की आपले मन लगेच "म्हणजे काय?" असे विचारते. त्याऐवजी "हा करतो आहे काय?" असे विचारा. पेत्राच्या पत्रातला सिंह गर्जतो, फिरतो, भक्ष्य शोधतो. प्रकटीकरणातल्या सिंहाने विजय मिळवला आहे. नीतिसूत्रे २८:१ मधला सिंह कुणाला भीत नाही आणि नीतिमान माणूस तसा असतो. दानीएलाच्या गुहेतल्या सिंहांची तोंडे बंद आहेत. प्राणी एकच, पण प्रत्येक ठिकाणी लेखकाने त्याची एकेक गोष्ट उचलली आहे आणि बाकीची सोडून दिली आहे. इस्राएलाच्या डोंगररानांत तेव्हा सिंह खरोखर होते. दाविदाने मेंढरे राखताना सिंहाच्या तोंडातून कोकरू सोडवले होते. ईयोब ४:१०–११ या दोनच ओव्यांत सिंहासाठी पाच वेगवेगळे हिब्रू शब्द येतात. इतक्या ओळखीच्या प्राण्याला त्या लोकांनी एकाच अर्थाला बांधून ठेवले नाही, तर आपण तरी का बांधावे?

क्रियापद सापडले की मागची आणि पुढची ओवी वाचा. १ पेत्र ५:८ बहुतेक वेळा एकटीच सांगितली जाते आणि ऐकणारा घाबरून घरी जातो. तिच्या मागच्या ओवीत लिहिले आहे की आपली सगळी चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. पुढच्या ओवीत लिहिले आहे की जगभरातले तुमचे बंधू हीच दुःखे सोसत आहेत. म्हणजे गर्जना करणाऱ्या सिंहाच्या एका बाजूला काळजी घेणारा देव आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमच्यासारखेच सोसणारे विश्वासी. संकटात "माझ्यावरच हे का?" असे वाटते तेव्हा मी या तीन ओव्या एकत्र वाचतो. मधली एकटी कधीच वाचत नाही.

आता प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय उघडा. वडीलजनांपैकी एक जण योहानाला सांगतो, रडू नको, पाहा, यहूदा वंशाच्या सिंहाने जय मिळवला आहे. योहान मान वर करून पाहतो, तर समोर कोकरा उभा आहे, जणू वधलेला. कानाला सिंह ऐकू आला, डोळ्याला कोकरा दिसला. या अध्यायानंतर ख्रिस्ताला पुन्हा सिंह म्हटलेलेच नाही. त्या पुस्तकात कोकऱ्यासाठीचा ग्रीक शब्द ख्रिस्तासाठी २८ वेळा येतो, सिंह एकदाच. जय कसा मिळाला, याचे उत्तर योहानाला डोळ्यांनी पाहायला मिळाले. आपल्यालाही कुटुंबात, मंडळीत, कामाच्या ठिकाणी जिंकावेसे वाटते तेव्हा हा अध्याय काढून बसावे.

२. मराठीतला प्राणी बाजूला ठेवा

हे मला फार उशिरा समजले. आपण शब्द मराठी वाचतो आणि त्याला चिकटलेला मराठी अर्थही सोबत येतो.

गाढव घ्या. आपल्या भाषेत ती शिवी आहे. म्हणून यरुशलेमेतला प्रवेश वाचताना वाटते, प्रभूने मुद्दाम क्षुद्र वाहन निवडले. पण शास्ते १०:४ मध्ये याईर नावाच्या शास्त्याचे (इस्राएलाच्या न्याय करणाऱ्या पुढाऱ्याचे) तीस मुलगे तीस गाढवांवर बसत, आणि तो त्यांच्या मानाचा भाग होता. खरी तुलना आहे ती घोड्याशी. घोडा लढाईसाठी सज्ज केला जातो, असे नीतिसूत्रे २१:३१ सांगते. जखऱ्या ९:९ मध्ये राजा गाढवावर बसून येतो आणि लगेच दहाव्या ओवीत रथ, घोडे, युद्धाचे धनुष्य नाहीसे होते. लीनता तिथे आहेच, पण ती शस्त्र खाली ठेवून आलेल्या राजाची लीनता आहे.

कुत्र्याचे उलटे. आपल्याला इमानी कुत्रा आठवतो. स्तोत्र ५९ मध्ये कुत्री संध्याकाळी गुरगुरत नगराभोवती हिंडतात, खायला शोधतात. पौल फिलिप्पै येथल्या मंडळीला कुत्र्यांपासून सावध राहा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तो मोकाट कळप आणावा. मत्तय १५ मधल्या कनानी बाईच्या प्रसंगात मात्र ग्रीक शब्द लहान कुत्र्यासाठीचा आहे, धन्याच्या मेजाखाली बसणाऱ्या कुत्र्याचा, आणि त्या बाईने तोच शब्द पकडून आपल्या मुलीसाठी कृपा मागून घेतली.

आणि कोल्हा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लूक १३:३१–३५ हा उतारा मला फार जवळचा आहे. काही परूशी येऊन प्रभूला सांगतात, इथून निघून जा, हेरोद तुला मारायला पाहतो आहे. प्रभू म्हणतो, जाऊन त्या कोल्ह्याला सांगा. मराठी वाचक लगेच म्हणतो, लबाड. ते बरोबरच आहे, पण नहेम्या ४:३ मध्ये यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्यांचा विरोधक तोबीया चेष्टेने म्हणतो, यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल. म्हणजे कोल्हा हलकाही आहे, सिंहापुढे किरकोळ. गालीलावर सत्ता असलेला हेरोद अंतिपा प्रभूच्या लेखी तेवढाच.

त्यानंतर तीनच ओळींवर प्रभू स्वतःसाठी प्राणी निवडतो. समोर कोल्हा आहे, म्हटल्यावर आपण सिंहाची वाट पाहतो. त्याच्या तोंडी येते कोंबडी. कोंबडी जशी आपली पिले पंखांखाली घेते तसे यरुशलेमे, मी तुझ्या मुलांना कितीदा गोळा करू पाहिले! अनुवाद ३२:११ मधले पिलांवर पंख पसरणारे गरुड त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण कोंबडीजवळ कोल्ह्याशी लढायला ना नखे, ना दात. ती पंख पसरते, अंग जमिनीशी चिकटवते आणि पिलांना बोलावते. कोल्हा आला तर त्याला आधी ती सापडते. एवढेच तिच्या हातात असते, आणि पुढे वधस्तंभावर तेच घडले.

त्या वाक्याचा शेवटही वाचा: पण तुमची इच्छा नव्हती. कोंबडी पिलांना चोचीने ओढत नाही. ज्यांची मोठी झालेली मुले मंडळीपासून दूर गेली आहेत, ज्यांचा जोडीदार प्रार्थनेला बसत नाही, त्यांनी इथे बराच वेळ थांबावे. पंख उघडे ठेवायचे, हाक मारत राहायचे, आणि न येणाऱ्यासाठी प्रभू रडला तसे रडायचे.

३. त्या घरात, त्या बाजारात त्या प्राण्याचे मोल काय होते ते शोधा

मत्तय १०:२९ मध्ये दमडीला दोन चिमण्या. लूक १२:६ मध्ये दोन दमड्यांना पाच. दोन्ही ओव्या शेजारी शेजारी लिहा आणि हिशोब करा. दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात, पाचवी फुकट टाकली आहे. मूळ ग्रीकमधले नाणे म्हणजे दीनाराचा सोळावा हिस्सा, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. गरिबाघरी खाण्यासाठी विकला जाणारा हा सगळ्यांत स्वस्त पक्षी. त्या पाचव्या, भावात न धरलेल्या चिमणीसकट एकीचाही देवाला विसर पडलेला नाही, असे लूक लिहितो.

इथे एक सापळा आहे. चिमणी पडणार नाही असे मत्तयात लिहिलेले नाही. तुमच्या पित्यावाचून ती पडत नाही, असे लिहिले आहे. प्रभू हे बोलला ते शिष्यांना लांडग्यांमध्ये पाठवताना, मार खायची वेळ येईल हे सांगून झाल्यावर. आजारी माणसाच्या उशाशी बसून "तुला काही होणार नाही, चिमणीचीही काळजी घेतो तो" असे म्हणू नका. तो तुमच्यासोबत आहे, हे म्हणा. वचन तेवढेच सांगते आणि तेवढे पुरते.

मोलाचे दुसरे उदाहरण लूक २:२४. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले. लेवीय १२:८ उघडा: ज्या बाळंतिणीची कोकरू देण्याची ऐपत नाही तिने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले द्यावीत. लूक कुठेही "ते गरीब होते" असे लिहीत नाही, पक्षी लिहितो. संदर्भवचने पाहण्याची सवय नसेल तर ही ओवी हातातून निसटते.

तिसरे, वल्हांडण, मिसरातून सुटकेचा सण. निर्गम १२ मध्ये महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडायचे आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी वधायचे. मधले दिवस ते घराजवळ राखायचे. एक वर्षाचे, अव्यंग. घरातल्या मुलांनी त्याला चारा घातला असेल, त्याला लळा लावला असेल. पापाची किंमत हिशोबाच्या भाषेत सांगता आली असती, पण देवाने ती दारात बांधून ठेवली. पौल करिंथकरांस लिहितो की आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त आहे, तेव्हा मी या चार दिवसांचा विचार करतो.

४. अर्थ शास्त्रालाच सांगू द्या

पुष्कळ ठिकाणी अर्थ पुढे लिहिलेलाच असतो आणि आपण तो वाचायच्या आधी आपला अर्थ बसवून मोकळे होतो. दानीएल ८ मधला दोन शिंगांचा एडका आणि त्याला पाडणारा बकरा यांच्यावर किती तर्क ऐकले! त्याच अध्यायाच्या २० आणि २१ व्या ओवीत देवदूत सांगतो: एडका म्हणजे मेदय व पारस यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. तर्काला जागाच नाही.

प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्राला यापोत घराच्या धाब्यावर दृष्टान्त होतो. मोठ्या चादरीसारखे काही खाली उतरते, त्यात नाना प्रकारचे पशू, सरपटणारे जीव, पक्षी. मारून खा, अशी वाणी. हा उतारा केवळ खाण्यापिण्याच्या वादासाठी वापरला जातो. पण पेत्राला त्याचा अर्थ उमगला तो कर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकल्यावर, आणि २८ व्या ओवीत तो स्वतः सांगतो: कोणत्याही माणसाला निषिद्ध किंवा अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवले आहे. प्राणी पाहिले, धडा माणसांविषयी घेतला. तुमच्या मंडळीत कुणाच्या घरी पाणी पिणे टाळले जाते का, हा प्रश्न या चादरीपाशी विचारावा.

पितळी साप तीन ठिकाणी जोडून वाचा. गणना २१ मध्ये साप चावलेला माणूस खांबावरच्या पितळी सापाकडे पाही आणि वाचे. योहान ३:१४ मध्ये प्रभू सांगतो, मनुष्याच्या पुत्रालाही तसेच उंच केले पाहिजे. या दोन ओव्या सगळ्यांना पाठ असतात. तिसरी २ राजे १८:४ बहुधा कुणी सांगत नाही. लोक तोवर त्याच सापापुढे धूप जाळत होते, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवाने दिलेली खूणही पुढे मूर्ती होऊ शकते. कबुतराच्या, माशाच्या, कोकऱ्याच्या प्रतिमा आपण गळ्यात घालतो, भिंतीवर लावतो, त्यात वाईट काही नाही. फक्त हिज्कीयाची ओवी लक्षात असू द्या. आणि हो, माशाची खूण बायबलमधली नाही. ती आरंभीच्या मंडळीची. ग्रीकमध्ये मासा या शब्दाची पाच अक्षरे म्हणजे "येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा" या शब्दांची आद्याक्षरे.

एवढे करूनही अडलात तर लाजू नका. कूश देशाचा मोठा अधिकारी रथात बसून यशया ५३ वाचत होता: वधायला नेलेल्या मेंढरासारखा, कातरणाऱ्यापुढे गप्प राहणाऱ्या कोकरासारखा. सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाने विचारले, वाचता ते समजते का? तो म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसे समजणार? मग नेमका प्रश्न विचारला: संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? हाच प्रश्न जसाच्या तसा पाळकांना, मंडळीतल्या जुन्या माणसांना विचारा. त्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला.

५. ऐकीव गोष्टींपासून सावध

एका युवक सभेत मी गरुडाची गोष्ट सांगितली होती. गरुड सत्तर वर्षे जगतो, चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाऊन आपली चोच खडकावर आपटून मोडतो, नखे उपटतो, पिसे उपटतो, पाच महिन्यांनी नवा होतो. स्तोत्र १०३:५ शी ती मी जोडली. मुले भारावली. सभा संपल्यावर मागच्या बाकावर बसलेल्या एक आजी जवळ आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बाळा, हे कुठल्या अध्यायात आहे रे? मला घरी जाऊन वाचायचंय." माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री शोधत बसलो. अध्याय नव्हताच, आणि गोष्टही खोटी. चोच मोडलेला पक्षी खाणार काय? तो काही दिवसांत उपाशी मरेल. पुढच्या सभेत मी उभे राहून ते सांगितले. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: ओवी दाखवता आली नाही तर व्यासपीठावरून सांगायचे नाही.

खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. यशया ४०:३१ मधला हिब्रू शब्द "नेशेर". मीखा १:१६ मध्ये याच पक्ष्याच्या टकलाचा उल्लेख येतो, आणि टक्कल गरुडाला नसते, गिधाडाला असते. म्हणून पुष्कळ अभ्यासक इथे मोठे गिधाड धरतात. हा जड पक्षी पंखांची फडफड फार करत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेची वाट पाहतो, पंख पसरतो आणि तिच्यावर वर जातो. परमेश्वराची आशा धरून वाट पाहणारे नवी शक्ती मिळवतील, हे बाबेलच्या बंदिवासाने थकलेल्या लोकांसाठीचे वचन आहे. आता ते वाचून बघा.

असेच आणखी काही. हट्टी कोकराचा पाय मेंढपाळ मोडतो आणि मग त्याला खांद्यावर वाहतो, ही गोष्ट शास्त्रात कुठेही नाही. लूक १५:५ मध्ये मेंढपाळ सापडलेले मेंढरू आनंदाने खांद्यावर घेतो, मोडतोड काही नाही. ही गोष्ट ऐकून कित्येक जण आपल्या अपघाताला, आजाराला देवाने मोडलेला पाय समजून बसले आहेत, म्हणून तिचा मला फार राग येतो.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे प्रभू म्हणाला. "सुईचे नाक" हा यरुशलेमेचा लहान दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई, असे सांगतात. त्या काळी असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. शिष्य हे ऐकून थक्क झाले होते, मग तारण कोणाचे होणार असे त्यांनी विचारले, आणि प्रभू म्हणाला, माणसांना हे अशक्य आहे. दरवाजा मानला की हे अशक्य नुसते अवघड होऊन बसते.

मेंढरे चांगली, बकऱ्या वाईट असेही नाही. वल्हांडणाचे कोकरू मेंढरांतले किंवा शेरडांतले चालत असे (निर्गम १२:५). मत्तय २५ मध्ये मेंढपाळ दोन कळप वेगळे करतो, एवढेच चित्र आहे. आणि योनाला गिळले ते "मोठ्या माशाने". देवमासा हे आपले पुढचे मत.

६. मेंढराला मूर्ख म्हणण्यापूर्वी योहान १० वाचा

मेंढरे बिनडोक असतात, म्हणून देवाने आपल्याला मेंढरे म्हटले, असे उपदेशांत फार ऐकू येते. मेंढरू भटकते हे यशया ५३:६ सांगते, खरेच आहे. पण योहान १० मध्ये मेंढरे एक गोष्ट पक्की जाणतात: आवाज. मेंढवाड्यात मेंढपाळ येतो, द्वारपाळ दार उघडतो, तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि ती त्याच्या मागे निघतात. परक्याच्या मागे जात नाहीत, पळून जातात, कारण त्यांना त्याचा आवाज ओळखीचा नसतो.

नव्या विश्वासणाऱ्याला सगळ्यांत जास्त भीती असते ती फसण्याची. मेंढराच्या वेषातले लांडगे ओळखायचे कसे? मत्तय ७ म्हणते, फळांवरून. पण फळ यायला वेळ लागतो. तोवर ओळखीच्या आवाजाचाच आधार असतो, आणि आवाज एका दिवसात ओळखीचा होत नाही. शुभवर्तमान रोज थोडे वाचा, शक्य असेल तर मोठ्याने. सहा महिन्यांनी एखादा उपदेश ऐकताना "हा त्याच्यासारखा बोलत नाही" असे तुम्हाला आपसूक जाणवेल.

७. आठवड्याला एकच प्राणी, एकच काम

वाचलेले सगळे एकदम अंगी आणायला गेलात तर काहीच टिकत नाही. आठवड्याला एक प्रतिमा घ्या आणि तिसऱ्या रकान्यात एकच काम लिहा, ज्याला तारीख आणि माणूस आहे असे.

बैल: मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको (अनुवाद २५:४). पौल हीच ओवी दोनदा वापरतो, वचनाचे काम करणाऱ्यांच्या उपजीविकेसाठी. तुमच्यासाठी राबणाऱ्या कुणाचे देणे थकले आहे का? या आठवड्यात द्या.

मुंगी: तिला ना पुढारी, ना देखरेख करणारा, तरी कापणीच्या दिवसांत ती अन्न गोळा करते. कुणी पाहत नसताना तुम्ही कोणते काम टाळता, ते लिहा.

जू: बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये, असे अनुवाद २२:१० सांगते. दोघांची चाल वेगळी, मान दोघांचीही सोलवटते. २ करिंथ ६:१४ मधले, विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडले जाण्याविषयीचे "विजोड होऊ नका" आपण फक्त लग्नाच्या वेळी काढतो, पण तिथे लग्नाचा उल्लेख नाही. भागीदारी, कर्ज, शपथेने बांधून घेणारी मैत्री, सगळे त्यात येते.

८. पहिल्या महिन्याचा क्रम

पहिला आठवडा: स्तोत्र २३, मग यहेज्केल ३४, मग योहान १०. क्रम बदलू नका. यहेज्केलात कळपाला लुटून खाणारे मेंढपाळ आहेत आणि देव म्हणतो, मी स्वतः माझी मेंढरे शोधीन. ते वाचून "मी उत्तम मेंढपाळ आहे" ऐका.

दुसरा: निर्गम १२, यशया ५३, प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०, प्रकटीकरण ५.

तिसरा: नीतिसूत्रे ६:६–११ आणि ३०:२४–३१, मत्तय १०:१६–३१.

चौथा: ईयोब ३८:३९ पासून ३९ च्या शेवटापर्यंत. ईयोबाने आपल्या दुःखाचे कारण विचारले होते. देव त्याला रानगाढव, शहामृग, पहाडी बकरी, कावळ्याची पिले दाखवतो. हे कोणतेच जनावर माणसाच्या कामाचे नाही आणि तरी देव त्यांच्या बाळंतपणाचे दिवस मोजतो. इथे धडा शोधू नका, नुसते पाहा.

शेवटच्या दिवशी योना, चारही अध्याय एका बैठकीत. मासा आज्ञा पाळतो, कीडा आज्ञा पाळतो, निनवेतली गुरेसुद्धा गोणपाट पांघरतात, अडून बसतो तो एकटा संदेष्टा. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपते: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे या नगरात आहेत, त्यांची मला कीव येऊ नये काय? आणि मग अगदी शेवटचे शब्द, "पुष्कळ गुरेढोरे" यांचे. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. वहीत त्या जागी तुमचे लिहा.